पाणी वर चढवण्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी चारशे बारा प्रशिक्षण वर्ग घेतले आणि त्यांतल्या एकाही वर्गामुळे कुणाच्या घरचं पाणी गेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या चैत्रबन सोसायटीत हल्ली माझ्याबद्दल जे बोललं जातं त्यात हा मुद्दा कुणी लक्षात घेत नाही. एका विमा कंपनीच्या प्रशिक्षण विभागात मी वरिष्ठ व्याख्याता होतो. ‘दाव्यांचा निपटारा’ या विषयावर मी सलग साडेतीन तास बोलत असे आणि मधल्या चहाला उठून गेलेली माणसं परत येत असत. निदान बरीचशी येत.

प्रकरण सुरू झालं ते लवूमुळे. लवू परब आमच्या सोसायटीचा पंपवाला. बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून चार गल्ल्या अलीकडे आमच्या दोन विंग, अठ्ठावीस बिऱ्हाडं, आणि जिन्याखालच्या खोलीत एक पंप व सात व्हॉल्व. पहाटे खालच्या टाकीत पाणी येतं. ते पंपानं गच्चीवरच्या सहा टाक्यांत चढवायचं. मुख्य व्हॉल्व एक, आणि प्रत्येक टाकीचा एकेक. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात गेली बावीस वर्षं हे काम एकट्या लवूला येतं आणि बाकी आम्ही सगळे नळ सोडला की पाणी येतं एवढ्याच ज्ञानावर आंघोळी करत आलो आहोत.

जुलैतल्या एका सकाळी लवू आमच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

“साहेब, यंदा माझी पाळी असा,” तो म्हणाला.

त्याच्या गावी सात घरांचा मिळून एक गणपती. दर वर्षी एका घराची पाळी. पाटावरून मूर्ती आणायची, पूजेला बसायचं, पाच दिवस आल्यागेल्याचं करायचं ते त्या घरानं. म्हणजे पाळी सात वर्षांनी येते. “गेल्या पाळयेक काय झाला ता तुमका ठावूक असा,” असं म्हणून तो थांबला. पुढचं बोलला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

कारण गेल्या पाळीला जे झालं ते मीच केलं होतं. तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. लवूनं बदली माणूस देऊन ठेवला होता, तो दुसऱ्याच दिवशी फिरकला नाही, आणि मी लवूला फोन केला. लवू गावी पोचून चार तास झाले होते. तो तसाच परतीची एस्टी पकडून आला. मूर्ती चुलतभावानं आणली. सकाळी सहाला आमच्या नळाला पाणी आलं आणि मी सगळ्यांना सांगितलं की, बघा, व्यवस्थापन म्हणजे काय असतं. त्याची आज मला लाज वाटते. लवू तेव्हा त्रेपन्नचा होता, आता साठीचा. पुढची पाळी सदुसष्टाव्या वर्षी.

“लवू,” मी म्हणालो, “यंदा तू जाणार. आठ दिवस पंप सोसायटीतली माणसं चालवतील. मी त्यांना शिकवतो.”

आतून मृणालिनीनं, म्हणजे माझ्या पत्नीनं विचारलं, “अहो, पण तुम्हाला कुठे येतो पंप चालवता?” शिकवायला विषय यावा लागतो हा सर्वसामान्य माणसाचा गैरसमज आहे.

आता कायद्याचा भाग. सध्याचा सेक्रेटरी देवव्रत कारखानीस. चाळिशीचा मुलगा, हुशार, पण त्याला सकाळी उठल्यावर चहाच्या आधी नियमावली लागते. तो म्हणाला, “काका, पंपरूमची किल्ली ठरावानं नेमलेल्या व्यक्तीलाच देता येते. तुम्हाला आत जायचं तर ठराव हवा.” ठरावासाठी सभा बोलावली. सभेला पाच जण आले. गणपूर्ती नाही, म्हणून सभा अर्ध्या तासासाठी तहकूब झाली. मग तेच पाच जण त्याच खुर्च्यांवर अर्धा तास गप्प बसून राहिले आणि साडेसातला कायदेशीर झाले. त्यांनी ठराव केला की श्री. नंदकिशोर सबनीस यांना किल्ली द्यावी, मात्र पंपामुळे इजा झाल्यास सोसायटी जबाबदार नाही असं त्यांनी बाँडपेपरवर लिहून द्यावं आणि सोबत दोन फोटो जोडावेत. फोटो कशाला, असं मी विचारलं. इजेच्या आधी मी कसा दिसत होतो याची नोंद असावी, असं काहीसं देवव्रत म्हणाला.

किल्ली मिळाली तेव्हा कळलं की पंपरूममध्ये एका वेळी दीड माणूस मावतो. शिवाय निम्मी मंडळी अंधेरीला कामाला, कुणी आठला येणार, कुणी नऊला. तेव्हा ब विंगमधली दीप्ती म्हणाली, “काका, ऑनलाइन कोर्स करा ना. ज्याला वेळ मिळेल तेव्हा तो बघेल. झकास होईल.” दीप्तीचं कामच मुळी कंपन्यांसाठी असे धडे तयार करण्याचं. पण तिला तसं विचारणं मला बरं वाटेना. चारशे बारा वर्ग माझ्या मागे होते.

सल्ले मात्र न मागता आले. दुसऱ्या मजल्यावरच्या हर्षदचं म्हणणं, गुण द्या, क्रमांक लावा, पहिल्या येणाऱ्याचं नाव लिफ्टमध्ये झळकवा. कुणी म्हणालं, मागे बासरी हवी. आमचे अध्यक्ष अंबादासकाका एकोणऐंशीचे, ते म्हणाले, “काही करा, पण सुरुवात मंगल झाली पाहिजे.” हे मला पटलं. मृणालिनी म्हणाली, “पंप कधी दाखवणार?” याला मी ‘घिसाडघाई’ म्हणतो.

अशा रीतीनं ‘जलव्यवस्थापन: संकल्पना व कार्यपद्धती’ या अभ्यासक्रमाचा पहिला धडा सोसायटीच्या ऑफिसात चित्रित झाला. प्रथम दीपप्रज्वलन. पंख्यानं समई दोनदा विझली, पंखा बंद केला तर काकांना घाम फुटला, तिसऱ्या वेळी जमलं. मग अध्यक्षांची ओळख. मग माझी ओळख. ती मी स्वतः लिहिली होती, देवव्रतनं वाचली, आणि मी चेहऱ्यावर संकोच आणून ऐकली. त्यानंतर लवूला शाल-श्रीफळ. लवू शाल घेऊन खुर्चीवर बसला आणि धडा संपेपर्यंत तसाच बसून राहिला. बावीस वर्षं पंप चालवणाऱ्या त्या माणसाला चार शब्द बोलायला सांगावं हे त्या खोलीत एकालाही सुचलं नाही, आणि त्या खोलीत सर्वांत जास्त सुचायला हवं होतं ते मला.

पुढे मी मोहेंजोदडोपासून सुरुवात केली. तिथली न्हाणीघरं, मग रहाट, मोट, मग वाफेचं इंजिन. पंपाचं बटण एक्केचाळिसाव्या मिनिटाला आलं. बटण म्हणजे बटणाची आकृती. एकूण धडा अठ्ठेचाळीस मिनिटांचा. आभारप्रदर्शन धरून.

आणखी एक सुधारणा मी केली होती. लवूनं आपल्या व्हॉल्वना नावं ठेवली होती. मुख्य व्हॉल्व घट्ट फिरतो म्हणून तो ‘म्हातारा’. एक हळूच उघडावा लागतो, नाहीतर पाइप धडाधडा वाजतात, ती ‘नवरी’. एक बंद झाल्यासारखा वाटतो पण झालेला नसतो, तो ‘लबाड’. शिवाय एक ‘मुका’, एक ‘गरीब’ आणि शेजारीशेजारी दोन ‘जुळ्या’. असली नावं अभ्यासक्रमात शोभत नाहीत म्हणून मी ती काढून ‘व्हॉल्व क्र. १ (अ)’, ‘व्हॉल्व क्र. ३ (ब)’ अशी शास्त्रशुद्ध केली.

शेवटी वीस प्रश्नांची चाचणी. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस घरं उत्तीर्ण! सरासरी एकोणीस गुण, देवव्रतला वीसपैकी वीस. मी मृणालिनीला आकडे दाखवले. तिनं दीप्तीला विचारलं, आणि दीप्तीनं फार हळुवार आवाजात मला सांगितलं की कोणी धडा किती वेळ पाहिला हे यंत्राला कळतं. जवळजवळ सगळे तीन मिनिटं चाळीस सेकंदांना गेले होते. तिथे माझी ओळख सुरू होत होती. शेवटपर्यंत एकच प्रेक्षक होता, अंबादासकाका. मला फार बरं वाटलं. पुढे कळलं की काका चौथ्या मिनिटाला झोपले आणि फोन छातीवर चालू राहिला. मग चाचणी कशी जमली? हर्षदनं उत्तरं ग्रुपवर टाकली होती.

हे सगळं मला कळलं शनिवारी, आणि रविवारी सकाळी प्रात्यक्षिक ठरलेलं होतं. पंप चालवणार देवव्रत, कारण गुण सर्वाधिक. लवूला फाटकाजवळ खुर्ची दिली होती आणि जागेवरून उठायचं नाही अशी ताकीद होती. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. देवव्रत माझ्या टिपणांचे छापील कागद घेऊन आत गेला, सात मिनिटांनी पंप सुरू झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिली टाकी भरल्यावर त्यानं व्हॉल्व क्र. ३ (ब) बंद केला. टिपणात मी लिहिलं होतं, ‘व्हॉल्व पूर्णपणे बंद करावा.’ त्यानं पूर्णपणे केला. पण व्हॉल्व क्र. ३ (ब) म्हणजे लबाड. त्याला ‘बंद झाला’ असं वाटल्यावर आणखी अर्धा फेरा द्यायचा असतो, आणि हे त्याच्या नावातच होतं, आणि ते नाव मीच काढून टाकलं होतं. वीस मिनिटं गच्चीवरची टाकी वाहिली. तिचं पाणी नेमकं खालच्या बाल्कनीत पेपर वाचत बसलेल्या अंबादासकाकांवर पडलं. बाकी पाच टाक्या कोरड्या. त्या दिवशी अख्ख्या सोसायटीचं पाणी काकांना एकट्याला मिळालं.

काकांना टॉवेल दिल्यावर देवव्रत लवूकडे गेला. त्यालाही ते जड जात होतं, हे मान्य करायला हवं. “लवूदादा, रिस्क नाही घेता येणार. ऐन गणपतीत घरोघरी पाहुणे. यंदा नाही जमणार हो.”

“बरा, साहेब,” लवू म्हणाला, आणि उठून लबाडला अर्धा फेरा द्यायला आत गेला.

त्याच्या सायकलच्या हँडलला एक पिशवी लटकत होती. तिच्यातून मखराची लाल-सोनेरी झालर बाहेर डोकावत होती. मी ती पाहिली आणि मला जिन्यात बसावंसं वाटलं. बसलोच.

तिथे प्रेमा आली. प्रेमा म्हणजे लवूची बायको. आमच्याकडे तिघांच्या घरी पोळ्या करते. ती पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, रागावू नकात. तुमी बोललात ता बरा असा. पण ह्येंचे हात खंय दिसले?”

“हात? कुठे दिसले म्हणजे?”

मग तिनं सांगितलं. पन्नाशीनंतर ती फोनवर बघून ब्लाउज शिवायला शिकली. आज वस्तीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तीच शिवते. त्यासाठी तिनं चाळीसेक धडे पाहून टाकून दिले. “मास्तरणीचा तोंड दिसता, कात्री दिसना नाय. आणि बोलणा किती! माका काज करूचा असता, ती आपल्या गुरूंची नावा घेता.”

एकतीस वर्षांत माझ्या शिकवण्याबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. अभिप्रायाचे छापील फॉर्म आम्ही वाटत असू, पण त्यात सगळे ‘उत्तम’वर खूण करत आणि जेवायला पळत. मी आयुष्यभर शिकवणाऱ्याच्या खुर्चीवरून शिक्षणाकडे पाहिलं होतं, आणि ही बाई शिकणाऱ्याच्या पाटावर बसून सगळं जोखून मोकळी झाली होती. मला अपमान वाटायला हवा होता. थोडा वाटलाही. पण त्याहून जास्त मला तिच्याबद्दल आदर वाटला, आणि मी देवव्रतकडे जाऊन दोन आठवड्यांची मुदत मागितली. यावर ठराव लागेल, असं तो म्हणाला. मी त्याच्याकडे नुसता पाहत राहिलो. ठराव लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रेमा आणि लवू कामाला लागले. पाहण्यासारखा प्रकार होता. प्रेमा फोन लवूच्या खांद्यावरून धरायची, म्हणजे पाहणाऱ्याला आपलेच हात पंपावर आहेत असं दिसावं. लवूचा चेहरा कुठेच नाही. “मी पंप कधी बघूक नाय असा समजा,” ती म्हणायची. “आता काय करू?” लवू एक गोष्ट करायचा. एकच. दुसरी सुरू करायला गेला की ती फोन बंद करायची. “तो दुसरो धडो.” त्याला बोलताना पाल्हाळ लागला, हा व्हॉल्व कोणत्या साली बसवला वगैरे, की ती म्हणायची, “ता माका आत्ता होया?” ते मला आत्ता हवंय का, एवढंच. लवू ओशाळून पुन्हा चाकाला हात घालायचा. मी बाजूला उभा राहून ते वाक्य वहीत लिहून घेतलं. माझ्या चारशे बारा वर्गांना ते एक वाक्य लावलं असतं तर साडेतीन तासांचं व्याख्यान पंचवीस मिनिटांत आटोपलं असतं, आणि चहा गरम मिळाला असता.

अकरा तुकडे झाले. सर्वांत मोठा पावणेदोन मिनिटांचा. व्हॉल्वची जुनी नावं परत आली. “ह्यो म्हातारो. तेका जोर लावचो नाय. वायच फिरवचो, थांबाचा, परत वायच.” ते दोन हात, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं, इतक्या मायेनं त्या गंजक्या चाकावर फिरत होते की मी तो तुकडा तीनदा पाहिला.

पण कमाल होती ती सातव्या तुकड्यात. प्रेमानं लवूकडून मुद्दाम चूक करवून घेतली. पंपात हवा धरली तर काय होतं ते दाखव, म्हणाली. लवूनं पंपात हवा शिरू दिली, बटण दाबलं आणि म्हणाला, “आयका. ह्यो आवाज चुकीचो. पोटात पाणी असला तर घुमता, हवा असली तर खुळखुळता.” मग उपाय. बटण बंद. पंपावरचं लहान बूच काढायचं, मगानं पाणी ओतत राहायचं, आतून बुडबुडे येतात ते संपेपर्यंत थांबायचं, मग बूच लावायचं. चूक कशी ऐकू येते हे शिकवायचं मला एकतीस वर्षांत सुचलं नाही. मी नेहमी बरोबर तेच शिकवलं, आणि माणसं बाहेर जाऊन चुकायची ती अगदी एकटी पडायची.

परीक्षाही बदलली. प्रश्न नाहीत, गुण नाहीत. प्रत्येकानं पंपरूममध्ये जाऊन ते काम करायचं, आपल्या हातांचा व्हिडिओ लवूला पाठवायचा. लवू दोनपैकी एक शब्द बोलून पाठवणार: “बरोबर” किंवा “परत”. “परत” असेल तर का, तेही एका वाक्यात. तो भयंकर कडक निघाला. देवव्रतला लबाडवर पाच वेळा “परत” मिळालं, आणि सहाव्या वेळी “बरोबर” आलं तेव्हा तो ऑफिसमध्ये ओरडला म्हणतात. दीप्ती पहिल्या दोन दिवसांत अकराही तुकडे पुरे करून बसली. “काका, आमच्या कंपनीत लोक हे शिकायला परदेशी जातात यार,” ती मला म्हणाली. माणसं लवूला ‘लवू सर’ म्हणू लागली. लवू लाजून मान खाली घालायचा आणि पुढचा व्हिडिओ लावायचा.

या सगळ्यात माझं काय, असं कुणी विचारलं नाही म्हणून मीच सांगतो. सुरुवातीला संकल्पना म्हणून माझं नाव टाकू या, असं दीप्ती म्हणाली. मी नको म्हणालो आणि आग्रहाची वाट पाहिली. आग्रह झाला नाही. शिवाय अभ्यासक्रमाचा संचालक म्हणून मी स्वतः धडे करायचे की नाही हा तात्त्विक प्रश्न होता, तो मृणालिनीनं “करा गुपचूप” असं म्हणून सोडवला. दहा तुकड्यांना “बरोबर” मिळालं. सातव्याला मात्र “परत” आलं. “बुडबुडे सरले काय, साहेब? नाय. परत.” पुन्हा केलं. “घाई केलात. परत.” तेव्हा मात्र माझ्यातला वरिष्ठ व्याख्याता दुखावला. मी तिसऱ्यांदा पाठवलंच नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही.

आठ दिवसांच्या पाळ्या ठरल्या. आमच्या घरी गणपती नसतो, आम्ही संध्याकाळी मुलुंडला माझ्या भावाकडे जातो. म्हणून चतुर्थीची सकाळ माझ्याकडे आली. लवू-प्रेमा निघाले त्या दिवशी सगळी सोसायटी फाटकाशी जमली. अंबादासकाकांनी नारळ दिला. देवव्रत म्हणाला, “काही अडलं तर फोन करू.” लवू म्हणाला, “केलात तर येतलंय. पाणी म्हणजे पाणी.” तो खरंच आला असता, हे तिथे मला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. जाता जाता तो माझ्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, “साहेब, सातवो रवलो तुमचो.”

“हो हो, पाठवतो,” मी म्हणालो.

पहिले दोन दिवस निर्विघ्न गेले. चतुर्थीला सकाळी सहाला मी पंपरूममध्ये शिरलो. सोबत मृणालिनी, ही अर्ध्या माणसाच्या जागेत. म्हाताऱ्याला वायच वायच फिरवला, नवरी हळूच उघडली, बटण दाबलं. पंप सुरू झाला. आणि मी ऐकलं. पंप घुमत नव्हता. खुळखुळत होता.

पाच मिनिटांत जिन्याखाली गर्दी. कुणाची आंघोळ व्हायची, कुणाची उकड काढायची, कुणाच्या दारात मूर्ती घेऊन माणसं उभी. प्लंबर बोलावायचा तर ओळखीचे चारही प्लंबर कोकणात. देवव्रत हातात फोन घेऊन आला. “काका, साडेसहा झालेत. मी लवूदादांना लावतो. दुपारची गाडी मिळाली तर उद्या पहाटे येतील.”

“नाही,” मी म्हणालो.

“अहो काका, अठ्ठावीस घरं—”

“देवव्रत, हाच फोन सात वर्षांपूर्वी मी केला होता. तो माणूस आत्ता मूर्ती आणायला निघाला असेल. मला अर्धा तास दे. नंतर तुला काय ठराव करायचा तो कर.” माझा आवाज चढला होता. आणि मग, सगळ्यांसमोर, मला ते सांगावंच लागलं: “आणि ऐका, या कामात मी नापास आहे. लवूनं मला दोनदा परत पाठवलंय. मी लपवलं.”

दीप्तीनं फोन उघडून सातवा तुकडा लावला आणि माझ्या समोर धरला. ते काळ्या नखाचे हात पुन्हा दिसले. मी बटण बंद केलं. बूच काढलं. पाण्याचा मग उचलला आणि ओतू लागलो. बुडबुडे आले. ओतत राहिलो. बुडबुडे थांबले. हात आपसूक बुचाकडे गेला, आणि कानात आवाज आला, घाई केलात. मी थांबलो. बाहेर कुणीतरी किती वाजले म्हणून विचारत होतं. माझ्या कपाळावरून घाम गळत होता. आतून आणखी एक बुडबुडा आला, मग मोठ्या आवाजाचे दोन, मग बऱ्याच वेळानं एक बारीकसा. मग पाणी काठोकाठ स्थिर राहिलं. मी मनात वीस आकडे मोजले, बूच लावलं, बटण दाबलं.

पंप घुमला. गच्चीवरून हर्षद ओरडला, “आलं! आलं!” आणि मी, वय वर्षं त्रेसष्ट, पंपावर हात ठेवून रडलो. थोडंसंच. मृणालिनी म्हणते थोडंसं नव्हे.

ती माझ्या खांद्यावरून हे सगळं फोनमध्ये घेत होती हे मला नंतर कळलं. तिनं तो व्हिडिओ लवूला पाठवून दिला. खाली लिहिलं, पाणी चढलं आहे, काही काळजी नाही, सवडीनं बघ.

सवड दुपारी झाली असावी. आमच्या टेबलावर तोवर घरोघरचे मोदक जमले होते. एकवीस एकट्या अंबादासकाकांकडचे. अडीच वाजता फोनवर बोलून पाठवलेला निरोप आला. लवूचा आवाज, मागे टाळ-झांजांचा आणि पोरांचा कल्लोळ.

“साहेब, पूजा झाली. मूर्ती मीच आणलंय. तुमचा बघलंय. बुडबुडे सरले. बरोबर.”

आणि संपता संपता जरा लांबून प्रेमा: “साहेब, हात दिसले हो!”

एकतीस वर्षांत मी हजारो प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. मला स्वतःला मिळालेलं हे पहिलं. मी ते मृणालिनीला ऐकवलं, पुन्हा ऐकवलं, तिसऱ्यांदा ऐकवलं. चौथ्यांदा लावायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “अहो, पुरे. मोदक गार होतायत.” मी फोन खाली ठेवला आणि हात धुवायला बेसिनकडे गेलो. नळ सोडला. पाणी आलं.